तांदळातला सोंडा समजून डबा ओतला, किडा निघाला जमिनीखालून

हे प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाचं आहे, त्यांना विचारूनच लिहितोय, शहर सांगत नाही, इंग्लंडच्या मिडलंड्समधलं एक शहर एवढंच धरा. नवऱ्याला इथे दादा म्हणतो, बायकोला वहिनी, प्रत्यक्षातही मी तसंच म्हणतो. मी इथे घरांच्या सर्व्हेचं काम करतो त्यामुळे ओल, बुरशी, किडे हे रोजचंच, पण या केसमध्ये मीसुद्धा दोनदा चुकलो म्हणून ती जास्त लक्षात राहिली.

पार्श्वभूमी

घर साधारण १९०५ सालचं, टेरेसमधलं, म्हणजे दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं चिकटलेली. पुढच्या खोलीला बाहेर आलेली बे विंडो, मागे कधीतरी वाढवलेलं किचन. पुढच्या दोन खोल्यांची जमीन लाकडी आहे, आपल्याकडे जुन्या वाड्यात माडीला असते तशी, फक्त इथे ती तळमजल्याला असते आणि खाली दीड-दोन फूट पोकळी. फळ्या, त्याखाली जॉइस्ट म्हणजे आडवे वासे, आणि त्या पोकळीत हवा खेळावी म्हणून बाहेरच्या भिंतीत खाली भोकाच्या विटा, एअर ब्रिक. पुढून हवा आत, मागून बाहेर. शंभर-सव्वाशे वर्षं या जमिनी टिकतात त्या याच हवेमुळे. मागच्या किचनची जमीन मात्र नंतर काँक्रीटची केली, आणि करताना मागच्या एअर ब्रिक बंद झाल्या. हे इथल्या हजारो घरांमध्ये झालंय, कुणी लक्ष देत नाही.

दादांनी घर घेतलं ऑक्टोबर २०२१ मध्ये. सर्व्हे केला का विचारलं तर म्हणाले हो, बँकेने केला. बँकेचं ते व्हॅल्युएशन असतं हो, कर्ज बुडलं तर घर विकून पैसे निघतील का एवढंच बघतात, वासे कुजलेत का ते बघायला कुणी वाकत नाही. नवीन येणारे आपले लोक इथेच फसतात, असो.

प्रॉब्लेम सुरू कसा झाला

ऑगस्ट २०२३. वहिनींना किचनच्या दाराजवळ बारीक काळपट किडे दिसायला लागले, तीन-चार मिलिमीटरचे, पुढे लांब सोंड. तांदळाच्या मोठ्या डब्यापासून चार फुटांवर. आता मराठी घरात सोंड असलेला बारीक किडा दिसला की निदान ठरलेलं, तांदळात सोंडे झालेत. दहा किलोचा बासमती ओतला, रवा ओतला, मैदा ओतला, कपाट धुतलं, डब्यात बोरिक पावडर, तमालपत्र, सुक्या मिरच्या सगळं झालं. किडे तरी येतच होते, रोज दोन-तीन, आणि गंमत म्हणजे एकही डब्यात नाही, सगळे जमिनीवर, स्कर्टिंगच्या कडेने निवांत चालताना.

मग व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी निकाल दिला, "अगं वाळवी असेल, भिंतीच्या कडेने रॉकेल ओत." त्यांचं चुकलं नाही, कोकणात घर काढलेली बाई, लाकूड आणि किडा म्हटलं की वाळवीच येणार डोळ्यासमोर. पण ब्रिटनमध्ये वाळवी नाही. डेव्हनमध्ये १९९० च्या दशकात एक वसाहत सापडली होती, सरकारने तिच्या मागे वर्षानुवर्षं लागून २०२१ मध्ये संपली म्हणून जाहीर केलं, एवढीच काय ती गोष्ट. आणि इथे रॉकेल ओतलं असतं तर किडा राहिला बाजूला, फायर ब्रिगेड आली असती.

दरम्यान पुढच्या खोलीत बे विंडोपाशी, जिथे पुण्याहून आणलेला सागवानी देव्हारा ठेवलाय, तिथे रांगोळी काढायच्या जागेवर वहिनींना रोज सकाळी बारीक तपकिरी भुसा दिसायला लागला. आता खरी घाबरगुंडी, देव्हाऱ्याला घुण लागला की काय. दादांनी मला फोटो पाठवला. फोटो हललेला, किडा म्हणजे एक काळा ठिपका, आणि मी ऑफिसातून घाईत उत्तर दिलं, "फर्निचर बीटल असेल, वुडवर्म, इकडे कॉमन आहे, बघू." ही माझी पहिली चूक. त्या एका शब्दावर दादांनी वुडवर्मवाली कंपनी शोधली.

कंपनीचा सर्व्हे आणि कोटेशन

फुकट सर्व्हे. माणूस आला, पंधरा मिनिटं थांबला, भिंतीच्या प्लास्टरला ओल मोजायचा मीटर टोचला, मीटर ओरडला, वुडवर्म आणि रायझिंग डॅम्प, म्हणजे जमिनीतून भिंतीत चढणारी ओल, असं लिहून गेला. दोन दिवसांत कोटेशन: पूर्ण तळमजल्याला किडा मारायचं औषध फवारायचे ११५० पाउंड, भिंतीत केमिकल इंजेक्ट करून नवीन डीपीसी, म्हणजे ओल वर चढू नये म्हणून भिंतीत असतो तो थर, करायचे २९०० पाउंड. एक फळी उचलून खाली बघितलं नाही. फुकट सर्व्हे करणाऱ्याचा पगार फवारणीतूनच निघतो, तो फवारू नका कशाला सांगेल. वाईट माणूस होता असं म्हणत नाही, पण हातात हातोडी असली की सगळीकडे खिळेच दिसायचे.

दादांनी ॲडव्हान्स द्यायच्या आदल्या दिवशी मला फोन केला कारण फॉर्मवर लिहिलं होतं की औषधात परमेथ्रिन आहे आणि माशांची टाकी घरातून हलवा. पोराची टाकी मोठी, कुठे हलवणार. परमेथ्रिन माशांना आणि मांजरांना खरंच घातक असतं. म्हणजे बघा, चार हजार पाउंड वाचले ते माशांमुळे.

किडा नेमका कोणता

शनिवारी गेलो. वहिनींनी लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत अठरा-वीस किडे जमवून ठेवले होते, हे त्यांनी सगळ्यात हुशारीचं काम केलं. भिंग लावून बघितलं आणि मीच ओशाळलो. फर्निचर बीटलला सोंड नसतेच. हा खरोखरच सोंड्या, वहिनींचं निदान अर्धं बरोबर होतं! तांदळाच्या सोंड्याचाच लांबचा भाऊबंद, फक्त हा धान्य खात नाही, कुजलेलं लाकूड खातो. तांदळाच्या सोंड्याच्या पाठीवर चार तांबूस ठिपके असतात, याच्या पाठीवर काही नाही, अंग लांबट नळीसारखं, मिशा कोपरातून वाकलेल्या.

इथल्या घरांत सापडतो तो बहुतेक युओफ्रियम कन्फाइनी. मूळचा न्यूझीलंडचा, ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात पहिल्यांदा नोंद झाली आणि आता जवळपास सगळीकडे आहे. याच्याच जातकुळीतला पसेलॅक्टस स्पॅडिक्स तर समुद्राच्या पाण्याने भिजलेल्या धक्क्यांच्या लाकडात राहतो. रानात पडलेल्या ओंडक्यांची माती करायला हे किडे हवेतच, तिथे त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. फर्निचर बीटल बऱ्यापैकी कोरड्या, धडधाकट लाकडातही शिरतो, अळी आत तीन-चार वर्षं पोखरते, किडा उन्हाळ्यात बाहेर पडतो आणि मागे दीड-दोन मिलिमीटरचं गोल गुळगुळीत भोक. सोंड्याचं तसं नाही. याला लाकूड ओलं पाहिजे आणि बुरशीने आधीच मऊ केलेलं पाहिजे. अळीही पोखरते आणि मोठा किडाही पोखरतो, वर्षभर केव्हाही दिसतो, भोकं बारीक आणि कडा फाटक्या, बोगदे लाकडाच्या रेषांच्या दिशेने. थोडक्यात हा किडा दिसला म्हणजे कुठेतरी लाकूड आधीच कुजलंय, किडा नंतर आलाय. इथली बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट लाकडाच्या किड्यांचे तीन गट करते, ज्यांना साधारणपणे औषध लागतं ते, ज्यांना काहीच लागत नाही ते, आणि मधला गट, ज्यात कुजण्याचा बंदोबस्त केला की किडा आपोआप जातो. सोंड्या या मधल्या गटात.

देव्हाऱ्याला मीटर लावला, ११ टक्के. त्याच्या खालच्या फळीला लावला, २९. देव्हाऱ्याला काहीही झालेलं नव्हतं, भुसा त्याच्या खालून, फळ्यांवर टाकलेल्या लॅमिनेटच्या कडेच्या फटीतून वर येत होता. वहिनींनी तिथेच हात जोडले.

पर्याय काय होते

चहा घेत टेबलावर बसून बोललो. दादांचा कल सरळ होता, फवारून टाकू, गॅरंटीचं सर्टिफिकेट मिळेल, घर विकताना उपयोगी पडेल. हा मुद्दा अगदीच फालतू नाही, इथे घर घेणाऱ्याचे वकील असली सर्टिफिकेटं मागतात. पण औषध वरवर बसतं, ओल्या कुजक्या लाकडाच्या आत बसलेल्या किड्याला काय फरक पडणार, आणि ओल तशीच राहिली तर कुजणं चालूच. दुसरं म्हणजे काहीच न करता उन्हाळ्यापर्यंत थांबायचं, वहिनी म्हणाल्या, "पायाखाली काय चाललंय माहीत नसताना मी त्यावर पोळ्या लाटू?" तो विषय तिथेच संपला. तिसरं, जमीन उघडायची. यात अडचण अशी की दादांनी २०२२ मध्ये स्वतः दोन वीकेंड घालवून लॅमिनेट टाकलं होतं, खाली फोम, आणि ते उचकटायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. इन्शुरन्सला विचारलं, हळूहळू झालेलं नुकसान, कुजणं, कीड कव्हर नाही असं उत्तर आलं, अपेक्षितच होतं.

मी म्हटलं पूर्ण खोली नको, बे विंडोपाशी एक मीटर उघडू, मग ठरवू. यावर सगळे तयार झाले.

जमीन उघडल्यावर

पहिली फळी पहारीने उचलायला गेलो तर हातात तुकडाच आला. चॉकलेटी रंग, आडव्या-उभ्या चिरा पडून चौकोनी ठोकळे झालेले, बोटाने दाबलं की भुगा. त्या चिरांमध्ये सोंडे आणि पांढऱ्या, बिनपायांच्या, वाकड्या अळ्या. वास ओल्या तळघराचा.

इथे एक महत्त्वाचा निर्णय होता, हा ड्राय रॉट की वेट रॉट, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचे हे दोन प्रकार. ड्राय रॉटची बुरशी विटांच्या भिंतीतूनही पुढे सरकते, मग बरंच लांबपर्यंत तोडफोड करावी लागते, खर्च कुठल्या कुठे जातो. तिचे धागे करडे, वाळले की काडकन मोडणारे, आणि आसपास विटकरी रंगाची धूळ. आमच्याकडे धागे बारीक आणि काळपट तपकिरी होते, वेलीच्या मुळांसारखे फळीच्या खालच्या बाजूला पसरलेले, भिंतीत कुठे शिरलेले नव्हते. म्हणजे सेलर फंगस, वेट रॉट. ओल थांबली की थांबते. मी मोठा श्वास सोडला.

पाच जॉइस्टची टोकं जिथे पुढच्या भिंतीत शिरतात तिथे कुजलेली, मीटर ३४ पर्यंत. भिंतीपासून अर्ध्या मीटरवर तेच लाकूड १९, आणि स्क्रूड्रायव्हर जोरात खुपसला तरी आत जात नाही. एकाच वाश्याचं एक टोक चिखल आणि बाकीचा लोखंड.

मग बाहेर गेलो. पावसाचा पाइप बे विंडोच्या शेजारी उतरतो, त्याचा खालचा वाकलेला तुकडाच गायब, पाणी सरळ भिंतीवर उडतंय, विटा हिरव्यागार. आधीच्या मालकाने पुढे फरसबंदी करून जमिनीची पातळी वर आणली होती, डीपीसीच्या खाली १५० मिलिमीटर मोकळं पाहिजे तिथे जेमतेम ६०, आणि एक एअर ब्रिक त्या फरशीखाली अर्धी गाडलेली. दुसरी एअर ब्रिक दिसायला ठीक, पण टॉर्च मारला तर आत पांढरं काहीतरी.

थर्माकोल.

"हे कुणी कोंबलं?" मी विचारलं. दादा पाइपकडे बघायला लागले. वहिनी हसायला लागल्या. २०२२ च्या हिवाळ्यात गॅस-विजेची बिलं कशी भडकली होती ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, दादांनी पायाला गार वारा लागतो म्हणून टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल कापून बरोब्बर मापाचं आत ठोकलं होतं. मागच्या विटा किचनने बंद, पुढची एक फरशीने, दुसरी दादांनी. पाइपची ओल आधीपासूनच होती पण वाऱ्याने निदान थोडी सुकत होती, तो वाराच बंद झाला.

काय केलं

थर्माकोल लगेच काढलं. पाइपला २५ पाउंडाचा शू, म्हणजे तो खालचा वाकडा तुकडा, बसवला. सुताराने पाच जॉइस्टची कुजलेली टोकं चांगलं लाकूड लागेपर्यंत कापली, शेजारी ट्रीटेड लाकडाचे तुकडे बोल्ट केले, आणि नवीन टोक भिंतीच्या विटेला लागू नये म्हणून मध्ये डीपीसीची पट्टी. कुजलेलं सगळं लाकूड पिशव्यांत भरून कचरा डेपोत टाकलं. फवारणी नाही केली. फक्त नव्या-जुन्या जोडावर बोरॉनची पेस्ट लावली, ती खरं तर दादांच्या समाधानासाठी, पण वाईट काही नाही, लाकूड अजून ओलं असेल तोपर्यंत ती आत झिरपते. फरसबंदीची भिंतीलगतची एक ओळ काढून तिथे खडी टाकली, गाडलेल्या विटेच्या जागी वाकडी नळी असलेली एअर ब्रिक टाकली जी वरून हवा घेऊन खाली पोकळीत सोडते. मागच्या बाजूला किचनच्या काँक्रीटमधून डक्ट काढणं खर्चिक होतं, ते सोडून दिलं, त्याऐवजी पुढेच एक जास्तीची वीट.

आता दिवाळी आली. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, काम संपलं ऑक्टोबरच्या शेवटी, घरी पंधरा-वीस पाहुणे येणार आणि बे विंडोपाशी जमीन उघडी. दादा म्हणाले बंद करून टाकू, नवीन लॅमिनेट आणलंय. मी नको म्हटलं, लाकडी तुकडे नवीन असले तरी भिंत अजून ओली, इथे एक ढोबळ हिशोब धरतात की भिंत महिन्याला इंचभर सुकते, नऊ इंची भिंत म्हणजे किती महिने ते बघा. थोडी वादावादी झाली. शेवटी प्लायवूड स्क्रूने बसवलं, केव्हाही उघडता येईल असं. वहिनींनी त्या प्लायवर रांगोळी काढली, एका जागी स्क्रूचं डोकं कमळाच्या मधोमध आलं होतं, ते तसंच ठेवलं.

ते प्लाय ठेवलं म्हणून पुढचं सापडलं. दर महिन्याला मीटर लावत होतो, चार जॉइस्ट उतरत आले १९, १८, पण पाइपजवळचा पाचवा फेब्रुवारी २०२४ मध्येही २३ वर अडून. ही माझी दुसरी चूक होती. पाइपला शू बसवला आणि मी समाधानी झालो, पाणी पुढे जातं कुठे ते बघितलंच नाही. खाली गली असते, म्हणजे पाइपचं पाणी गटारात नेणारं जमिनीतलं तोंड, तिच्या ट्रॅपमध्ये, वाकवलेल्या भागात, कायम पाणी उभं राहायला पाहिजे. रात्री काठोकाठ भरून ठेवली, सकाळी बघतो तर कोरडी ठाक. जुन्या मातीच्या पाइपला तडा, इतकी वर्षं छतावरचं पाणी भिंतीच्या पायात जिरत होतं. ती बदलायला ४२० पाउंड गेले.

निकाल

मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा सहा-सात सोंडे दिसले आणि दादांचा रात्री अकराला फोन, "अरे फवारायलाच पाहिजे होतं बघ." आजूबाजूच्या जरा ओल्या लाकडात राहिलेले ते, मोठा किडा बरेच महिने जगतो, लाकूड सुकायला लागलं की भटकत बाहेर येतो. थांबा म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही जरा धाकधूक होतीच. जुलै २०२४ नंतर एकही दिसला नाही. जून अखेर पाचही जॉइस्ट १८ च्या खाली आले तेव्हा लॅमिनेट टाकलं, एक चौकोनी झाकण मात्र उघडता येईल असं ठेवलं. जानेवारी २०२५ ला, म्हणजे भर थंडीत, १६.

खर्च सगळा मिळून अडीच हजार पाउंडांच्या आसपास, लॅमिनेट वेगळं. खोली पूर्वीपेक्षा जरा गार लागते, ही तक्रार अजून आहे. जॉइस्टच्या मध्ये लोकर टाकून इन्सुलेशन करता येतं, हवा खालून खेळती ठेवून, ते जमीन उघडी असतानाच करायला पाहिजे होतं.

वेगळं काय करता आलं असतं

इन्सुलेशनचं तर सांगितलंच, ते माझ्याच यादीत. घर घेताना स्वतःचा सर्व्हे, आणि तोही गालिचे न उचलता केलेला असतो हे लक्षात ठेवून बाहेरून एअर ब्रिक मोजायच्या, पुढे किती, मागे किती, फुकट काम आहे. हललेल्या फोटोवरून मी निदान द्यायला नको होतं, किडा बाटलीत घ्या एवढंच सांगायला हवं होतं. आणि पाइप बघितला त्याच दिवशी गली भरून बघितली असती तर चार महिने वाचले असते.

फवारणी न करण्याबद्दल मात्र मी आजही ठाम आहे, फक्त हे सोंड्यापुरतं. तीच बाटली उघडून आत बिनसोंडेचा किडा आणि खाली गोल भोकं असती, लाकूडही कोरडं असतं, तर मीच औषधाचा विचार करा म्हटलं असतं, मासे शेजाऱ्यांकडे ठेवून.

बाटली वहिनींनी टाकलेली नाही, तांदळाच्या डब्याशेजारीच असते. परवा कुणीतरी नवीन आलेली मैत्रीण तांदळात सोंडे झाले म्हणून सांगत होती, वहिनींनी तिला आधी विचारलं, डब्यात आहेत की जमिनीवर. डब्यात होते. तिला तमालपत्र दिलं.